तेहतिसावी खर्पुडी

अधिक महिन्यात जावयाला चांदीची वाटी देणारे सासरे असतात, धोतरजोडी देणारे असतात, नुसता आशीर्वाद देऊन मोकळे होणारेही असतात. पण जावयाला मुरमाड माळावर उकिडवं बसवून समोरच्या गवताकडे बोट दाखवत ‘हे तुमचं वाण’ असं म्हणणारा सासरा साऱ्या मराठवाड्यात एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला. पूर्वी हे मी तक्रारीच्या सुरात सांगत असे. मित्र हसायचे आणि मलाही सहानुभूती हवीच असायची. आता सांगताना माझी मान आपोआप ताठ होते. बायको म्हणते, तुम्ही अगदी बाबांसारखे सांगायला लागलात. एवढी मोठी शाबासकी तिने मला दुसऱ्या कुठल्याच गोष्टीबद्दल दिलेली नाही.

सासरे मोजणीखात्यात मोजणीदार होते. निजामाच्या अमलात नोकरीला लागले आणि पोलीस ॲक्शननंतर राज्य बदललं, साहेब बदलले, कागदावरची लिपी बदलली, तरी ते आपले साखळी घेऊन जमीन मोजतच राहिले. त्यांची साखळी तेहतीस फुटांची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, आणि त्यांच्या मते देवाने पृथ्वी गुंठ्यांतच निर्माण केली होती, एकर-बिकर नंतर माणसांनी काढले. त्यांची तेरा पावलं म्हणजे बरोबर एक साखळी. ते बाजारात भाजी आणायला निघाले तरी ओठ हलत असायचे. लोकांना वाटायचं नामस्मरण चाललंय. एकदा औरंगाबादेत गुलमंडीच्या बाजारात कुणीतरी भक्तिभावाने त्यांच्या पाया पडलं, तर हे वैतागून म्हणाले, “अहो, काय केलंत हे? अकरा झाली होती!” आणि मागे जाऊन पुन्हा पहिल्यापासून चालत आले.

माझं लग्न ठरवायला ते आमच्या नगरच्या घरी आले, तेव्हा चहा निवेपर्यंत त्यांनी बैठकीची खोली आडवी-उभी चालून घेतली आणि माझ्या वडिलांना सांगितलं, “खोली चौरस नाही. उत्तरेची भिंत चार बोटं आत आलीय.” ते घर वडिलांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं. त्यांनी कप खाली ठेवला, आईने पदर सावरला आणि आता हे स्थळ गेलं असं मी मनात धरलं. तेवढ्यात सासऱ्यांनी माझ्याकडे एक डोळा बारीक करून पाहिलं, खुंटी सरळ उभी आहे का हे बघतात तसं, आणि म्हणाले, “मुलगा मात्र सरळ आहे. बराबर जमंल.” वडिलांनी त्यांना भिंतीबद्दल शेवटपर्यंत माफ केलं नाही. पुढे एकदा दोरी लावून बघितली, तर भिंत चार बोटं आत होती.

शिक्षण सगळं उर्दूत झालेलं. राज्य बदलल्यावर नव्या साहेबांनी हुकूम काढला की यापुढे टिपणं मराठीत लिहा. घरी मराठी बोलणारा हा माणूस वयाच्या तिशीत मराठी लिहायला बसला. पहिला अर्ज त्यांनी सुवाच्य मराठीत लिहिला, पण हाताला पडलेल्या सवयीने समास उजव्या बाजूला सोडून ओळी डावीकडे नेऊन चिकटवल्या आणि सही नेऊन भलत्याच टोकाला केली. साहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिला. सासरे म्हणाले, “साहेब, मजकूर गलत असंल तर सांगा. बाजू कुठलीबी असली तरी जमीन तेवढीच भरती.” मराठी पुढे त्यांनी झकास कमावली, पण खास स्वतःसाठी काही लिहायचं झालं की हात उर्दूकडेच वळायचा. मला म्हणायचे, “जावईबापू, चार रविवार द्या, उर्दू शिकवतो. लई गोड भाषा आहे.” मी औरंगाबादच्याच एका शाळेत मराठीचा मास्तर. मी म्हणायचो, देतो मामा, सहामाही परीक्षा होऊ द्या.

आता त्या माळाची गोष्ट. दौलताबादहून वेरूळकडे जाताना एसटी एका फाट्यावर थांबते. तिथून उजव्या हाताला पाऊण तास चाललं की एक गायरान लागतं. रेताड मुरूम, गुडघ्याएवढं गवत, मधूनमधून बोरीची काटेरी झुडपं. पाहुण्याला मुद्दाम न्यावं असं तिथे काही नाही. पोलीस ॲक्शननंतरच्या पुढच्या पावसाळ्यात सासरे तो माळ मोजायला गेले. खुंटी ठोकायला हातोडी उचलली आणि खुंटीच्या टोकाशी त्यांना एक फूल दिसलं. बारीक वेल गवताच्या काडीला धरून चढलेला आणि त्यावर बोटाच्या पेराएवढा हिरवट-जांभळा कंदील. खाली फुगीर, वर नळी, आणि तोंडाशी पाच पाकळ्या शेंड्यावर जुळून झालेला पिंजरा. ती खर्पुडी. आत चिलटाएवढी एक माशी अडकून धडपडत होती. नळीतले केस खाली वळलेले असतात, त्यामुळे माशी आत जाऊ शकते पण बाहेर येऊ शकत नाही. सासऱ्यांनी हातोडी खाली ठेवली आणि मोजणी थांबवली. दुसऱ्या दिवशी ते केस सुकले, फूल कलंडलं आणि माशी अंगाला पराग माखून निघून गेली, तेव्हाच त्यांनी साखळी पुन्हा उचलली. सरकारी डायरीत खाडा का पडला त्याचं कारण लिहावं लागतं. त्यांनी खरं ते लिहिलं: ‘कैदी सुटण्याची वाट पाहिली. सबब मोजणी एक दिवस तहकूब.’

ते दिवस कैदी हा शब्द सरकारी कागदावर सहज लिहावा असे नव्हते. चौथ्या दिवशी माळावर जीप आली. जीपमधून एक साहेब आणि दोन शिपाई उतरले. कुठला कैदी, कुणी धरला, कुणी सोडला? सासऱ्यांनी त्यांना सुकलेल्या फुलापाशी नेलं आणि म्हणाले, “इथंच होता साहेब. एक दिवस ठेवला आणि इज्जतीनं सोडला. नाव-गाव काय सांगून गेला नाही.” साहेबांनी वाकून ते फूल पाहिलं आणि एवढंच म्हणाले, की पुढच्या वेळी ‘पावसामुळे’ असं लिहीत जा.

तेव्हापासून तो माळ त्यांचा झाला. कागदोपत्री नव्हे, कागदाच्या बाबतीत ते फार कडक. पण दर पावसाळ्यात ते खर्पुड्या मोजायला जायचे. सुरुवातीला शेकड्यांनी मोजलेल्या, पुढे एका गुंठ्यापुरत्या उरल्या. खाली मातीत कांदा, म्हणजे कंद असतो, तो चवीला गोड, त्यामुळे साळिंदर उकरतं, डुक्कर उकरतं आणि माणूसही उकरतो. कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापकांना त्यांनी आग्रह करून माळावर नेलं. ते म्हणाले, ही दुर्मिळ होत चाललीय, बाहेर फार बोभाटा करू नका. सासरे घरी आले ते राजपद मिळाल्यासारखे खुशीत. थंडीच्या सुरुवातीला शेंगा वाळल्या की सासूबाईंच्या जुन्या पातळाच्या चिमुकल्या पिशव्या करून ते त्या शेंगांना बांधायचे, म्हणजे शेंग फुटून बियांच्या म्हाताऱ्या वाऱ्यावर डांबरी रस्त्याकडे जायला नकोत. मग एकेक बी बोरीच्या झुडपात, शेळीचं तोंड पोचणार नाही अशा ठिकाणी, हात ओरबाडून घेत पेरायचे. लुगडी फाटण्याआधीच नाहीशी होतात, अशी सासूबाईंची तक्रार असायची.

लग्नानंतर दोनेक वर्षांनी अधिक श्रावण आला. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण देतात. पण अधिक महिना असा पावसाळ्यात, खर्पुडी फुललेली असताना, नेहमी येत नाही. त्यात त्या वर्षी मोजदाद भरली बरोबर तेहतीस. साखळी तेहतीस फुटांची, अनारसे तेहतीस, एका गुंठ्यात खर्पुड्या तेहतीस! सासऱ्यांना रात्रभर झोप लागली नसावी. सकाळच्या पहिल्या एसटीने त्यांनी मला उचललं. “अनारसे कुणीपण देतं जावईबापू. आज तुम्हाला तेहतीस खर्पुड्या द्यायच्यात. तोडायच्या नाहीत. बघायच्या. बघितल्या की तुमच्या झाल्या.”

माळावर पोचल्यावर ते साखळी लावून गुंठ्याच्या हद्दी पक्क्या करत बसले आणि मी कंटाळून जरा पलीकडे गेलो. तिथे बोरीच्या आडोशाला एक धनगर मेंढरं सोडून बसला होता. मला पाहून तो सरकला, जागा केली, चाकूने काहीतरी पांढरं सोललं आणि अर्धं माझ्यापुढे धरलं. “घ्या पाव्हणं. आत्ताच काढलीय. लई ग्वाड लागती.” मी म्हटलं, नको. तो म्हणाला, “का वो? आमच्या हातचं चालत नाय व्हय?” आता यावर कुठलाही मराठी माणूस काय करील? मी खाल्लं. कोवळ्या शलगमासारखं लागलं. चांगलंच लागलं, हे इथे कबूल करतो. उरलेलं अर्धंही त्याने दिलं, तेही खाल्लं. काय खाल्लं ते कळलं परत आल्यावर. सासरे एकेका वेलापाशी मला उकिडवं बसवत मोजत निघाले आणि शेवटी त्याच बोरीशी येऊन थांबले. तिथे ताजा उकरलेला खड्डा होता. धनगर मेंढरं घेऊन पुढे गेलेला.

“बत्तीस,” सासरे म्हणाले.

मी खड्ड्याकडे बघत उभा राहिलो. बोलायला तोंड उघडलं आणि त्या तोंडाला अजून खर्पुडीचा वास येतोय असं वाटून पुन्हा मिटलं. सासऱ्यांनी माझ्याकडे एक डोळा बारीक करून पाहिलं, खिशातून रुमाल काढला आणि म्हणाले, “मिशा पुसा जावईबापू, माती लागलीय. खाली वाकल्यानं लागली असंल.” मग खड्ड्याशी बसून त्यांनी माती हाताने सारखी केली. “साळिंदरानं नेलं असंल. त्येला तरी काय कळतं?”

संध्याकाळी घरी सासूबाईंनी ताम्हनात तेहतीस अनारसे दिले, वर दिवा ठेवला. सासऱ्यांनी वेगळी अशी एक गुंडाळी दिली. उघडली तर त्या गुंठ्याचा नकाशा, जाड कागदावर, काळ्या-लाल शाईत, प्रत्येक वेलाला एक ठिपका, आणि खाली समासात उर्दूत चार ओळी. शाई अजून पुरती सुकली नव्हती. मी विचारलं, हे काय लिहिलंय? म्हणाले, “वाचायला शिका, मग कळंल. चार रविवार लागतात.” मी नकाशाला काच बसवून तो बैठकीत लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो, आमच्या सासऱ्यांची कारागिरी बघा. आणि मनात दर वेळी यायचं, आपण यांचं वाण अपुरं ठेवलं. त्यानंतर भेट झाली की ते हटकून विचारायचे, “काय मग, साळिंदर खुशाल आहे ना?” मला वाटायचं, म्हाताऱ्याच्या डोक्यातून तो खड्डा काही जात नाही. लाजेने मी विषय बदलायचो.

आठ वर्षांनी पुन्हा अधिक श्रावण आला आणि त्याच पावसाळ्यात आमच्या शाळेने वृक्षारोपण करायचं ठरवलं. जो तो तेव्हा झाडं लावत होता. मुख्याध्यापक मोठे तळमळीचे गृहस्थ, अंगाने भरभक्कम, आवाजही तसाच. त्यांनी गावाशी बोलून गायरान मिळवलं आणि मला प्रमुख केलं. गायरान कुठलं ते मला कागद हातात आल्यावर कळलं: सासऱ्यांचाच माळ. माळाच्या वर्णनात त्यांनी लिहिलं होतं, ‘ओसाड, पडीक.’ मी सासऱ्यांना सांगायला गेलो. ते अनारशांचं पीठ चाळत बसले होते, कारण सासूबाई तोवर गेल्या होत्या. ऐकून त्यांनी चाळणी खाली ठेवली. “माळाला झाड नसतं म्हणून तो काय गरीब होत नाही. झाडाच्या सावलीत गवत मरंल, आणि गवत मेलं की खर्पुडी चढंल कशावर?” त्या वर्षी मोजदाद सव्वीसवर आली होती.

ठरल्या दिवशी आम्ही मास्तर मंडळी कुदळी-फावडी घेऊन माळावर हजर झालो, तर सासरे आधीच तिथे उभे. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, हातात साखळी. मुख्याध्यापकांनी त्यांना ओळखलं. त्यांचंही शिक्षण उर्दूतलं, दोघांचे आधी पाच मिनिटं नमस्कार-चमत्कार झाले. मग सासऱ्यांनी त्या गुंठ्यात खड्डे नकोत म्हणून विनंती केली. मुख्याध्यापक म्हणाले, “मामा, तुमची साखळी कधी चुकली नाही असं सगळा जिल्हा म्हणतो. तुम्हीच मोजा. हा तुकडा शाळेला दिलेल्या हद्दीत येत नसेल, तर मी कुदळ लावणार नाही. तुमचा शब्द शेवटचा.”

याहून सोपं काय होतं? साखळीचं दुसरं टोक धरायला मी गेलो आणि हळूच म्हणालो, “मामा, बाहेर आहे म्हणा. एका साखळीचा तर फरक. कोण तपासतंय?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते आजही आठवतं. रागावले नाहीत. म्हणाले, “जावईबापू, चाळीस वर्षं लोकांनी माझ्या शब्दावर बांध घातलेत. आज एक साखळी खोटी झाली, तर ते सगळे बांध खोटे होतात.” आणि मोजलं. शांतपणे, खुंटी ठोकून, दोनदा मोजलं. मग टोपी काढून सगळ्यांसमोर सांगितलं, “हद्दीत आहे. सगळा गुंठा हद्दीत आहे.” सव्वीस खर्पुड्या त्यांनी स्वतःच्या तोंडाने हरवल्या होत्या. एवढा खरा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. तो माझा सासरा आहे, हे त्या क्षणी ओरडून सांगावंसं वाटलं.

मी ओरडलो, पण भलतंच. पहिली कुदळ उचलली गेली तशी मी पुढे होऊन म्हणालो, “सर, थांबा! इथे तेहतीस होत्या. एक मी खाल्ली!”

सगळे मास्तर माझ्याकडे बघायला लागले. “काय खाल्लं?” मुख्याध्यापकांनी विचारलं.

“खर्पुडी. मामांनी मला वाण म्हणून दिली होती आणि मी तिचा कांदा खाल्ला. आठ वर्षं हे मी बोललो नाही. मी एक खाल्ली ती न कळून. आज आपण उरलेल्या सगळ्या कळून खाणार आहोत. निदान काय खातोय ते एकदा बघा तरी!”

मुख्याध्यापकांनी सासऱ्यांकडे पाहिलं. ते मिशीवर हात ठेवून दुसरीकडेच बघत होते. मग तो भरभक्कम माणूस आधी गुडघ्यांवर, मग हातांवर आणि शेवटी सरळ पोटावर आडवा झाला, कारण खर्पुडी बघायची दुसरी रीतच नाही. पाकळ्यांच्या पिंजऱ्याला त्याने डोळा लावला. मग खालूनच आवाज आला, “मामा, आत एक माशी अडकलीय.”

“व्हय,” सासरे म्हणाले. “उद्या सुटंल.”

झाडं आम्ही फाट्यापासून गावापर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडांना लावली, कडुनिंब आणि करंज. शाळेने गुंठा तसाच सोडला. झाडांचा दुश्मन असं कुणी म्हणू नये म्हणून की काय, पुढचे दोन उन्हाळे त्या रोपांना पाणी घालायला सासरेच जायचे, आणि दोन झाडांमधलं अंतर चुकलंय म्हणून आम्हाला बोल लावायचे. माझ्या कबुलीबद्दल मात्र ते चकार शब्द बोलले नाहीत. परत येताना एसटीत एवढंच म्हणाले, “घरी चला. अनारसे यंदा मी केलेत. बिघडलेत, पण तेहतीस आहेत.” मी समजून गेलो की माझी कबुली त्यांच्या मनाला लागली आहे.

काही वर्षांनी ते गेले. शेवटच्या पावसाळ्यात त्यांना चालवत नव्हतं, म्हणून मी एकटा जाऊन मोजून आलो. एकोणतीस. त्यांना कानात सांगितलं. “पावलं बराबर टाकली होती ना?” त्यांनी विचारलं. उर्दूचे चार रविवार काही निघाले नाहीत. परीक्षा दर वर्षी येत राहिल्या.

पुढच्या अधिक महिन्यात, तो भाद्रपद होता, आमचे ते मुख्याध्यापक, आता निवृत्त झालेले, घरी जेवायला आले. बायकोने अनारसे केले होते. हात धुऊन ते बैठकीत आले आणि भिंतीवरच्या नकाशापुढे उभे राहिले. चष्मा वर केला, खाली केला, आणि एकदम हसायला लागले. मला म्हणाले, “तुम्ही हे कधी वाचलंच नाही?” मी म्हटलं, मला कुठे उर्दू येते? मग त्यांनी ठिपक्यांवरून बोट फिरवत फिरवत, बोरीच्या झुडपाशी असलेल्या लाल ठिपक्यावर ठेवलं आणि समासातल्या चार ओळी मोठ्याने मराठीत वाचून दाखवल्या:

‘नंबर एक ते बत्तीस, जागेवर. नंबर तेहतीस जावईबापूंनी जागेवरच सेवन केला. वाण पूर्ण पोहोचलं. हद्द कायम.’

बायको आतून ताट घेऊन आली होती, ती दारातच थांबली. माळावर कबुली दिली त्याच्या आठ वर्षं आधी, अनारसे खाल्ले त्याच संध्याकाळी, ओल्या शाईत त्यांनी हे लिहून माझ्या हातात दिलं होतं, आणि मी ते रोज डोळ्यांसमोर ठेवून अपराधी होऊन बसलो होतो. विचारायला ते आता नव्हते. मी खिशातून रुमाल काढला आणि मिशा पुसल्या.